रोमन संख्याचिन्हे : लेखन आणि अध्यापन

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



जिल्हा परिषदेच्या कामानिमित्त नागपुरास येणे आपणां सर्वांस घडते. सिव्हिल लाइन्समध्ये वाळूच्या दगडाचा जो जुना स्तंभ उभा आहे आणि ज्याच्या शेजारी चार घोड्यांच्या आकृती आहेत, तो आपण येताजाता पाहिला असेल. सारे शहर त्या जागेस 'झिरो माईल' या नावाने ओळखते. इंग्रजी अमदानीत देशाचे सर्वेक्षण झाले, त्या काळची ही खूण होय. तेथील षट्कोनी दगडावर चांदा १२५ मैल, हैदराबाद ३१८ मैल अशी अंतरे कोरलेली आहेत. या जागेच्या नावात दोन शब्द आहेत आणि ते परस्परांपासून फार दूरच्या देशांतून आलेले आहेत, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

'मैल' हा शब्द रोमन लोकांचा. त्यांच्या लॅटिन भाषेत हजाराला 'मिल्ले' म्हणत. सैनिकाची हजार दुहेरी पावले, म्हणजे डावे पाऊल उचलल्यापासून ते पुन्हा डावे उचलीपर्यंत एक, अशी हजार, झाली की एक मैल होई. तो मैल सुमारे दीड किलोमीटर भरे. उलटपक्षी 'झिरो' हा शब्द आपला आहे. आपल्या 'शून्या'चे अरबांनी 'सिफ्र' असे भाषांतर केले, त्याचे इटलीत रूपांतर होत होत 'झिरो' झाले आणि तोच शब्द इंग्रजांच्या तोंडून आपल्याकडे परत आला. ज्या रोमन लोकांनी मैल दिला त्यांच्या संख्यालेखनात शून्याला चिन्हच नव्हते. 'झिरो माईल' ही पाटी रोमन माणसास आपल्या अंकांत लिहिताच आली नसती!

आजचा आपला विषय या एका अभावाभोवतीच फिरतो.

बालभारतीच्या इयत्ता पाचवीच्या गणिताच्या पुस्तकात रोमन संख्याचिन्हांचा पाठ अगदी आरंभी आला, आणि शिष्यवृत्ती परीक्षेतही त्यावर प्रश्न विचारले जातात. तथापि शाळाभेटींच्या वेळी मला जे दिसते ते असे. गुरुजी फळ्यावर एक ते वीसपर्यंतची चिन्हे ओळीने लिहितात, मुले ती वहीत उतरवून घेतात, दोन दिवस पाढ्यांसारखी घोकतात, आणि तिसऱ्या दिवशी एकोणपन्नास लिहावयास सांगितले की सारा वर्ग खाली माना घालून बसतो. दोष मुलांचा नाही. यादी पाठ करून घेतली, पण तिच्यामागील रीत सांगावयाची राहून गेली.

रीत सांगण्यापूर्वी माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीस मी एका द्विशिक्षकी शाळेत होतो. एका मुलाने चार ही संख्या रोमन चिन्हांत लिहिताना चार उभ्या रेघा काढल्या : ⅠⅠⅠⅠ. मी त्यावर लाल फुली मारली आणि शेजारी ⅠⅤ असे लिहून दिले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत तो मला हाताला धरून गावातील कचेरीत घेऊन गेला आणि भिंतीवरील जुन्या घड्याळाकडे बोट दाखवून उभा राहिला. घड्याळात चाराच्या जागी चार रेघा होत्या. मी क्षणभर गोंधळलो आणि म्हणालो, "घड्याळ चुकीचे आहे." मूल काही बोलले नाही. त्यानंतर वर्षभरात त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही.

घड्याळ चुकीचे नव्हते. घड्याळांच्या तबकड्यांवर चार रेघांचा चार लिहिण्याची परंपरा फार जुनी असून आजही अनेक घड्याळांत तो तसाच असतो. समोरच्या बाजूस आठाचे भरगच्च ⅤⅠⅠⅠ येते, त्याच्याशी तोल साधावा म्हणून असे करतात असे एक कारण सांगितले जाते. लंडनच्या प्रसिद्ध बिग बेन घड्याळावर मात्र ⅠⅤ आहे. खुद्द रोमन लोक तरी एकाच नियमाने कुठे लिहीत होते? रोम नगरातील कलोसियम या प्रचंड प्रेक्षागृहाच्या दरवाजांवर क्रमांक कोरलेले आहेत. तेथे चव्वेचाळिसाव्या दरवाजावर ⅩⅬⅠⅠⅠⅠ असे आहे. म्हणजे चाळीस लिहिताना वजाबाकीची रीत आणि त्याच संख्येतील चार लिहिताना बेरजेची रीत! आपण पाठ्यपुस्तकातून जे नियम शिकवतो ते पुढील काळात स्थिर झालेले, आज सर्वमान्य असलेले संकेत आहेत. परीक्षेत तेच पाळावयाचे, याबद्दल दुमत नाही. परंतु चार रेघा काढणाऱ्या मुलास "हे घड्याळात चालते, आपल्या पुस्तकात असे लिहितात" एवढे सांगण्यास आपली एक ओळ खर्च होते. ती मी त्या वेळी खर्च केली नाही.

आता चिन्हांकडे वळू. ती सातच आहेत : Ⅰ म्हणजे एक, Ⅴ पाच, Ⅹ दहा, Ⅼ पन्नास, Ⅽ शंभर, Ⅾ पाचशे आणि Ⅿ हजार. यांतील Ⅽ हे लॅटिनमधील 'केंटुम्' म्हणजे शंभर, आणि Ⅿ हे 'मिल्ले' म्हणजे हजार, या शब्दांची आद्याक्षरे म्हणून सहज लक्षात राहतात. Ⅰ, Ⅴ आणि Ⅹ यांचा उगम मात्र अक्षरांत नसून मोजणीच्या खाचांत असावा, असे अभ्यासक मानतात. वर्गनायकाची निवडणूक घेताना आपण फळ्यावर प्रत्येक मतास एक उभी रेघ ओढतो आणि पाचवे मत आले की आधीच्या चार रेघांवर आडवी मारतो. काठीवर खाचा पाडणाऱ्या मेंढपाळानेही हेच केले असणार. पाचव्या खाचेस वेगळे रूप दिले, दहाव्या खाचेवर फुली केली. धान्य मापताना आपले शेतकरी पहिल्या मापास 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतात, कारण आरंभास काही वेगळेपण असावे. मोजणाऱ्या माणसाला खुणेची गरज कोठे भासते, हे सर्व देशांत थोड्याफार फरकाने सारखेच.

म्हणून प्रथम पुस्तक उघडू नये. विदर्भात तुराट्यांचा तोटा नाही. मुलांस बोटभर लांबीच्या काड्या करून आणावयास सांगा. Ⅰ, Ⅴ, Ⅹ आणि Ⅼ ही चारही चिन्हे काड्यांनी मांडता येतात, आणि एवढ्यात नव्वदीच्या अलीकडील सर्व संख्या बसतात. एक खबरदारी मात्र घ्यावी. मुले गोलाकार बसली असतील तर एकाने मांडलेले नऊ, म्हणजे ⅠⅩ, समोरच्यास अकरा, म्हणजे ⅩⅠ, दिसतात. कारण हे चिन्ह उलटे फिरवले की दुसरे होते. मुलांचा वाद होईल आणि दोघेही बरोबर असतील. अशा वेळी संख्येखाली खडूची एक रेघ ओढण्याची शिस्त लावावी, म्हणजे खालची बाजू कोणती ते ठरते. हा वाद एकदा होऊ द्यावा, असे माझे मत आहे. चिन्हाची जागा बदलली की अर्थ बदलतो, हे त्या वादातून जितके ठसते तितके आपल्या सांगण्याने ठसत नाही.

लेखनाची रीत थोडक्यात अशी. मोठे चिन्ह डावीकडे आणि लहान उजवीकडे असेल तर बेरीज करावयाची. ⅩⅤⅠ म्हणजे दहा, पाच आणि एक मिळून सोळा. लहान चिन्ह मोठ्याच्या डावीकडे आले तर ते वजा करावयाचे. ⅠⅩ म्हणजे दहातून एक गेला, राहिले नऊ. Ⅰ, Ⅹ, Ⅽ आणि Ⅿ ही चिन्हे लागोपाठ फार तर तीनदा येतात. Ⅴ, Ⅼ आणि Ⅾ कधीच दोनदा येत नाहीत, कारण दोन पाच लिहिण्यापेक्षा दहाचे चिन्ह तयार आहे. आता ज्या नियमावर बहुतेक चुका होतात तो ऐका. वजाबाकी वाटेल त्या चिन्हातून होत नाही. Ⅰ हा फक्त Ⅴ आणि Ⅹ यांच्यातून वजा होतो, Ⅹ फक्त Ⅼ आणि Ⅽ यांच्यातून, Ⅽ फक्त Ⅾ आणि Ⅿ यांच्यातून. Ⅴ, Ⅼ, Ⅾ ही कोणातूनच वजा होत नाहीत. यामुळे पंचेचाळीस ⅤⅬ नव्हे तर ⅩⅬⅤ, आणि नव्याण्णव ⅠⅭ नव्हे तर ⅩⅭⅠⅩ.

हे नियम मुलांकडून घोकून घेण्याची आवश्यकता नाही. स्थानिक किंमत ज्याला येते त्याला रोमन लेखन येतेच. संख्या प्रथम हजार, शतक, दशक आणि एकक अशी फोडावी, प्रत्येक भाग स्वतंत्र लिहावा आणि डावीकडून उजवीकडे जोडावा. उदाहरणार्थ, १९४७. हजारासाठी Ⅿ, नऊशेसाठी ⅭⅯ, चाळिसासाठी ⅩⅬ, सातासाठी ⅤⅠⅠ, मिळून ⅯⅭⅯⅩⅬⅤⅠⅠ. नागपूरच्या दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली ते वर्ष १९५६, म्हणजे ⅯⅭⅯⅬⅤⅠ. महाराष्ट्र राज्याची स्थापना १९६० साली झाली, ⅯⅭⅯⅬⅩ. येथे एककाच्या जागी शून्य आहे. ते आले की काहीच लिहावयाचे नाही. मुले नेमकी इथे थबकतात. "गुरुजी, शून्यासाठी काय लिहू?" असा प्रश्न येतोच, आणि तो न येईल तर आपण तो काढावा. झिरो माईलची गोष्ट सांगण्याची हीच वेळ. त्या दगडावरील चांद्याचे अंतर १२५ म्हणजे ⅭⅩⅩⅤ, हैदराबादचे ३१८ म्हणजे ⅭⅭⅭⅩⅤⅠⅠⅠ.

जाता जाता एक गंमत. आपल्या अंकांत जितके अंक अधिक तितकी संख्या मोठी. रोमन लेखनात हजार एका चिन्हात येतो, तर आठशे अठ्ठ्याऐंशी लिहावयास ⅮⅭⅭⅭⅬⅩⅩⅩⅤⅠⅠⅠ अशी बारा चिन्हे लागतात. या सात चिन्हांनी आजच्या नियमांप्रमाणे ३९९९ पर्यंतच जाता येते. पुढे चिन्हावर आडवी रेघ देऊन हजारपट करण्याची रीत आहे. प्राथमिक शाळेत तिची गरज नाही.

आता मराठी मुलांबद्दल विशेष सांगावयाचे आहे, आणि ते मला आजच्या भाषणातील सर्वांत महत्त्वाचे वाटते. वजाबाकी करून संख्या सांगण्याची रीत आपल्या मुलांना परकी नाही. ती त्यांच्या जिभेवरच आहे. एकोणीस म्हणजे एक उणा वीस. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, हे सारे शब्द याच घडणीचे. लॅटिन भाषेतही एकोणिसासाठी 'विसातून एक' अशा अर्थाचाच शब्द होता, इतकेच नव्हे तर अठरासाठीही 'विसातून दोन' असे म्हणत. तेव्हा ⅠⅩ शिकवताना 'एक उणे दहा' असे म्हणून दाखवा. मुलांचे चेहरे खुलतात, कारण आपल्याच बोलण्यातील युक्ती त्यांस परक्या लिपीत भेटते.

परंतु हीच ओळख पुढे फसवते. ज्याला 'एकोणीस' या शब्दाचा अर्थ कळला तो हुशार मुलगा एकोणीस लिहिताना विसाच्या आधी एक ठेवतो आणि ⅠⅩⅩ असे लिहितो. एकोणपन्नासास ⅠⅬ लिहितो. ही चूक आळशी मुलाची नव्हे, विचार करणाऱ्या मुलाची आहे. तेव्हा फुली मारण्यापूर्वी "तू हे असे का लिहिलेस?" असे विचारावे. त्याने 'एक उणे पन्नास' असे उत्तर दिले तर त्याची पाठ थोपटावी, आणि मग सांगावे की रोमन लेखनात उणे करणे एकेका स्थानापुरतेच असते. एकोणिसात आधी दहा लिहिले, मग राहिलेल्या नवासाठी 'एक उणे दहा' केले : ⅩⅠⅩ. एकोणपन्नासात आधी चाळीस, मग नऊ : ⅩⅬⅠⅩ. उलट नव्याण्णव हा शब्द मराठीने एकोणशंभर असा केला नाही, नव्वद आणि नऊ असाच ठेवला; तेथे मुलगा चुकत नाही. वर्गात ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवावीत. आपल्या बोलीत 'पंचवीस' म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर येतात, रोमन लेखनात ⅩⅩⅤ म्हणजे वीस आधी आणि पाच नंतर, हाही फरक दाखवून द्यावा. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशा वाचनावरून केवढा वाद माजला होता, हे आपणांस स्मरत असेल. त्या वादात आज शिरत नाही. बोलण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम यांतील अंतर मुलांस खरोखरच अडते, एवढे मात्र त्या निमित्ताने सर्वांस कळले.

हे शिकून उपयोग काय, असे पालक विचारतात, आणि कधी कधी आपणही मनात विचारतो. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावरील कोरीव लेखात राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी हे २ डिसेंबर १९११ रोजी येथे उतरल्याची नोंद आहे. ते वर्ष अंकांत नसून ⅯⅭⅯⅩⅠ असे आहे. इमारत मात्र १९२४ साली पुरी झाली. सहलीस गेलेली मुले त्या लेखाखाली उभी राहून छायाचित्रे काढून घेतात आणि वर्ष न वाचता परततात. मुंबई दूर असेल तर घरातील जुनी पेटी उघडावी. आजीच्या माळेतील जुन्या रुपयांवर राजाच्या नावापुढे ⅤⅠⅠ असेल तर तो सातवा एडवर्ड, Ⅴ असेल तर पाचवा जॉर्ज, ⅤⅠ असेल तर सहावा जॉर्ज. पाच आणि सहा यांत एका रेघेचा फरक, पण त्या एका रेघेत एक राजा बदलतो. आपल्या संविधानाच्या इंग्रजी प्रतीतील भागांचे क्रमांकही रोमन चिन्हांतच आहेत. मूलभूत हक्कांचा भाग तिसरा, म्हणून ⅠⅠⅠ.

आणि एक उदाहरण कागदपत्रांचे. पूर्वी तारीख लिहिताना महिना रोमन चिन्हाने लिहिण्याची अनेकांस सवय होती. माझ्या परिचयाच्या एका कर्मचाऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात जन्माचा महिना Ⅺ म्हणजे नोव्हेंबर असा होता. उताऱ्याची नक्कल करणाऱ्याने तो Ⅸ वाचला आणि सेवापुस्तकात सप्टेंबर पडला. नोकरीची अखेर येईपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही. वयाची अठ्ठावन्न वर्षे दोन महिने आधीच पूर्ण झाल्याचा कागद हाती पडला तेव्हा धावपळ सुरू झाली. बिचाऱ्याने किती खेपा घातल्या त्याची गणती नाही. शेवटी मूळ रजिस्टर काढले तेव्हा अंकी तारखेशेजारी 'सात नोव्हेंबर' असे अक्षरी लिहिलेले सापडले आणि त्या दोन शब्दांनी प्रकरण मिटवले. अंकी आणि अक्षरी असे दोन्ही लिहिण्याचा दंडक ज्याने घातला तो माणूस मोठा व्यवहारी असला पाहिजे. इटलीत फ्लॉरेन्स नगरीच्या सराफांच्या संघाने १२९९ साली नियम केला होता की हिशेबाच्या वह्यांत नवे, म्हणजे आपल्याकडून अरबांमार्फत गेलेले, अंक लिहू नयेत. शून्यात थोडा फेर केला की सहा किंवा नऊ करता येतो, ही भीती! संकट दोन्हीकडे आहे. दाखल-खारीज रजिस्टरात इयत्ता लिहिताना ⅠⅤ आणि ⅤⅠ यांवर विसंबू नका, 'चौथी' किंवा 'सहावी' असे अक्षरांत लिहा, अशी माझी सर्व मुख्याध्यापकांस विनंती आहे.

रोमन पद्धत मागासलेली आणि आपली पुढारलेली, असा अभिमानाचा पाठ यातून देऊ नये. आपल्याकडेही दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटातील सातवाहनांच्या लेखात यज्ञाच्या दक्षिणेचे आकडे कोरलेले आहेत, त्यांत दहा, वीस, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हेच आहेत; स्थानिक किंमत नाही, शून्य नाही. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातील इसवी सन ८७६ च्या लेखात मात्र २७० आणि ५० या संख्या आपण आज लिहितो तशाच शून्यासह आहेत. मधल्या काळात काय घडले हे मुलांना कळावयाचे असेल तर त्यांना एकदा ⅩⅩⅠⅠⅠ गुणिले ⅩⅠⅠ हे गणित रोमन चिन्हांतच करावयास द्यावे. पाच मिनिटांत हात वर होतील. रोमन लोक असे हिशेब चिन्हांत करीतच नसत. खडे मांडून करीत, आणि उत्तर तेवढे चिन्हांत लिहीत. आपणही चिंचोके द्यावेत. मग तेच गणित २३ गुणिले १२ असे फळ्यावर मांडावे आणि उत्तर २७६ आल्यावर ते पुन्हा रोमन चिन्हांत लिहून घ्यावे : ⅭⅭⅬⅩⅩⅤⅠ.

पुढील परिषदेस येताना प्रत्येकाने आपल्या वर्गातील मुलांनी लिहिलेली १९, ४९ आणि ९९ यांची चुकलेली उत्तरे वहीच्या पानासह आणावीत. त्यावर लाल शाई करू नये. मुलाने तसे का लिहिले, ते त्याच्याच शब्दांत शेजारी पेन्सिलीने टिपून ठेवावे.